सामाईक भिंत

देवगडच्या बाजारपेठेत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एकाच छपराखाली दोन दुकाने आहेत. दोहोंच्या पायऱ्या सामाईक आहेत आणि दर्शनी तुळईवर शेंदराने रेखलेले स्वस्तिक दोन्ही मालकांच्या दिवंगत वडिलांच्या हातचे आहे. मधली भिंत मात्र नऊ वर्षांपूर्वीची. डाव्या अंगाला थोरल्या बंधूंचे किराणा-भुसार, उजव्या अंगाला धाकट्यांचे कापड. गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्यात जाते, बाजारातली बातमीही इकडून तिकडे जाते. मालक तेवढे जात नसत.

पर्युषणाची सांगता झाली की संवत्सरीच्या दिवशी धाकटे थोरल्यांच्या उंबऱ्याशी येत आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत. थोरले तेच शब्द परत करीत. एवढ्यावर वर्षाचे बोलणे संपे. क्षमा मागितली जाई आणि दिलीही जाई, पण कशाची, याचा उच्चार दोघांपैकी कोणी करीत नसे. अशी क्षमापना अनेक घरांत होत असते. ती खोटी म्हणता येत नाही आणि पुरी झाली असेही म्हणता येत नाही.

वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती. मागच्या परसासह विहीर थोरल्यांकडे गेली, रस्त्याकडची वखार धाकट्यांकडे आली. पाणी दोन्ही घरांनी भरावे असे तोंडी ठरले. पहिल्याच वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला. थोरल्यांनी पंप बसवला, धाकट्यांनी चार गिऱ्हाइकांदेखत काही शब्द काढले आणि आठ दिवसांत परसात जांभ्या चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. देवगडला पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो. परंतु जांभ्याचा सडा ते पाणी धरून ठेवत नाही, आणि शिमगा उलटला की विहिरी हात वर करू लागतात. धाकट्यांच्या घरी तेव्हापासून नळाला येईल तेवढे पाणी, आणि ते न आले की विकतचा टँकर.

या घराण्याचे मूळ गाव जालोरकडचे. आजोबा तेथून रेल्वेने मुंबईस आले, काही वर्षे एका पेढीवर नामे लिहिले आणि मग भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने देवगडास उतरले. आगबोट खाड्याखाड्यांतून माल आणि माणसे घेत वेंगुर्ल्याकडे जाई. जेथे ती थांबे तेथे बाजार असे आणि बाजार असेल तेथे मारवाडातून आलेल्या एखाद्या तरुणास पाय रोवायला जागा मिळे. गावाकडचे घर आजोबांनी कुलूप लावून ठेवले होते. ते कुलूप मध्यंतरी दोनदा बदलले गेले, पण घर कुणी विकले नाही. गेल्या वर्षी शेजारच्या एका कुटुंबाने ते मागितले. खरेदीखतावर दोन्ही भावांची सही हवी होती, आणि कोल्हापुरास दिलेल्या बहिणीचीही.

बहिणीने दूरध्वनीवर दोघांनाही एकच उत्तर दिले. “सही करीन, पण आधी यात्रा घडवा. एका गाडीत, दोघांनीही, भाभींसकट.”

मार्गशीर्षात पाच जणांचा हा मेळा कणकवलीला गाडीत बसला. मुंबईत गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी ही मंडळी फालना स्थानकावर उतरली. तेथून भाड्याची मोटार होती. बहीण मधल्या आसनावर बसली. नऊ वर्षे ती तशीच मध्ये बसलेली होती, असे म्हटले तरी चालेल.

राणकपूरला ते दुपारच्या आत पोचले. अरवलीच्या झाडीत संगमरवराचा तो पसारा एकदम समोर येतो. राणा कुंभांच्या काळातील श्रेष्ठी धरणाशाह यांनी बांधवलेला आणि देपा नावाच्या शिल्पीने रचलेला हा चौमुख प्रासाद. चार दिशांना पाहणाऱ्या आदिनाथ भगवंतांभोवती १४४४ स्तंभ आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्यासारखा नाही, असे सांगतात. थोरले मूळचे हिशेबी. त्यांनी स्तंभ मोजायला सुरुवात केली. साठाच्या आसपास ऊन एका सभामंडपातून दुसऱ्यात सरकले, दगडाचा रंग पिवळसराचा निळसर झाला, आणि मोजलेले कोणते व राहिलेले कोणते हे त्यांना कळेनासे झाले. ते तेथेच खाली बसले. पलीकडच्या रांगेत धाकटेही बसलेले त्यांना दिसत होते. एवढे खांब मध्ये असूनही माणूस दृष्टीआड होत नाही, ही त्या रचनेची खुबीच आहे.

विक्रम संवत १४९६ चा शिलालेख तेथे आहे. त्यात धरणाशाहांच्या बरोबर थोरले बंधू रत्ना यांचे नाव कोरलेले असल्याचे जुन्या जाणकार पुजाऱ्यांनी सांगितले. बहिणीने ते मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवले. दोघा भावांनी ऐकले न ऐकलेसे केले.

जोधपूर दीड दिवसात झाले. मेहरानगडाचा कडा पाहून छाती दडपते हे खरे. राव जोधांनी १४५९ मध्ये त्याचा पाया घातला. धाकट्यांना मात्र गडापायथ्याचे राणीसर आणि पदमसर हे तलाव अधिक आवडले. उमेदभवन राजवाडा त्यांनी बाहेरूनच पाहिला. १९२९ पासून १९४३ पर्यंत त्याचे बांधकाम चालले आणि दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता, हे कळल्यावर थोरल्यांचा त्या अवाढव्य वास्तूवरचा राग निवळला. खर्चाची नोंद योग्य खात्यावर पडली, की व्यापाऱ्याचे मन शांत होते. ओसियांला महावीरस्वामींच्या प्राचीन मंदिरात दर्शन घेऊन गाडी पश्चिमेला वळली.

जैसलमेरच्या वाटेवर झाडे आधी खुजी झाली, मग विरळ झाली, आणि मग खेजडी आणि बोरीची झुडुपे तेवढी उरली. धाकट्यांच्या पत्नीने आयुष्यात प्रथमच असे क्षितिज पाहिले, ज्याच्याखाली पाणी नव्हते. देवगडच्या माणसाला दूरवर सपाट रेघ दिसली की ती समुद्राचीच वाटते. ती दोनदा फसली आणि दोनदा स्वतःशीच हसली.

शहर सोन्याच्या रंगाचे आहे, हे छायाचित्रांत पाहिलेले असते. पण सूर्य कलल्यावर दगड आतून उजळल्यासारखा दिसतो ते छायाचित्रात येत नाही. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेल्या या गडात आजही वस्ती आहे, चुली पेटतात, दोरीवर कपडे वाळतात, आणि त्या गल्ल्यांतच एकमेकांना बिलगलेली सात जिनमंदिरे आहेत. त्यांच्या तळघरात जिनभद्रसूरींचा ज्ञानभांडार आहे. परचक्राच्या भयाने दूरदूरच्या ताडपत्रांनी येथे आश्रय घेतला, आणि या कोरड्या हवेने ती जपली. कोकणात दोन पावसाळ्यांत वहीला बुरशी धरते, हे आठवून थोरल्यांनी त्या भिंतीला नकळत हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटव्यांच्या हवेल्या. जर आणि कलाबतूच्या व्यापारात, सराफीत आणि अफूच्या उलाढालीत गडगंज झालेल्या गुमानचंद पटवा यांनी आपल्या पाच पुत्रांसाठी एकीला एक लागून पाच हवेल्या उभारायला घेतल्या. काम १८०५ मध्ये सुरू झाले आणि पाचही पुऱ्या व्हायला सुमारे अर्धशतक गेले. गल्लीत उभे राहिले की डोक्यावर झरोक्यांची गर्दी होते. दगड कोरला आहे की कातरला आहे, कळत नाही. पाच भावांचे पाच दरवाजे आहेत, पाच जिने आहेत. भिंती मात्र एकमेकींना लागूनच आहेत.

“मग हे लोक गेले कुठे?” धाकट्यांनी आपल्या मोडक्या मारवाडीत वाटाड्याला विचारले.

वाटाड्या हसून म्हणाला, “आप लोग साउथ से हो?”

देवगडात तीन पिढ्या झाल्या तरी दुकानाचा पत्ता सांगताना लोक ‘मारवाड्याचे दुकान’ असेच सांगतात. त्यात आकस नसतो, खूण असते. आणि येथे, ज्या भाषेच्या बळावर आपण मारवाडी ठरतो, तीच ऐकून समोरच्याने दक्षिणी ठरवावे! दोघे भाऊ एकाच क्षणी हसले, आणि एकाच क्षणी थांबले.

वाटाड्याचे उत्तर तसे सरळ होते. सिंध आणि त्यापलीकडच्या मुलखातून येणारे उंटांचे तांडे जैसलमेरवरून जात, म्हणून हे शहर श्रीमंत. मुंबईचे बंदर वाढले, रेल्वे आली, माल समुद्रावरून जाऊ लागला. तांडे रोडावले. पुढे फाळणीने सिंधची वाटच बंद केली. शेठ लोक आपापल्या पेढ्यांमागे निघून गेले आणि हवेल्या राहिल्या.

थोरले बराच वेळ त्या गल्लीतल्या ओट्यावर बसून होते. ज्या समुद्राने या शहराचा व्यापार नेला त्याच समुद्रावरून त्यांचे आजोबा पोट भरायला गेले. नंतर देवगडची आगबोटही बंद पडली. माल ट्रकने घाटावरून येऊ लागला, रेल्वे झाली ती कणकवलीवरून गेली, आणि बंदरालगतची पेठ पूर्वीसारखी राहिली नाही. हल्ली हापूसच्या दीड-दोन महिन्यांत पेठेला काय जाग येते तेवढीच. त्यांच्या मुलाने पुण्यात नोकरी धरली आहे, धाकट्यांचा मुलगा बंगळूरला आहे. ज्या दुकानात भिंत घातली त्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना बसायला उद्या कुणी आहे का, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला, असे त्यांनी पुढे बहिणीला सांगितले.

दिवाण नथमल यांची हवेली तेथून जवळच. हाथी आणि लालू या दोघा भावांनी ती घडवली. एकाने उजवी बाजू घेतली, दुसऱ्याने डावी. दुरून पाहावे तर दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. जवळ जाऊन पाहिले की एका झरोक्यावरची वेल दुसऱ्यावर नाही, इकडचे फूल तिकडे नाही. बहिणीने दोघांना समोर उभे करून चुका शोधायला लावले, लहानपणी दुपारी न झोपणाऱ्या भावांना लावत असे तसे. धाकट्यांनी सात शोधल्या, थोरल्यांनी नऊ. तेथेच खाली एका दुकानात शालींचा भाव चालला होता. दुकानदाराने आकडा सांगताच दोघांच्या तोंडून एकदमच निम्म्याहून थोडा कमी असा आकडा निघाला, आणि तो एकच होता. जावा पदराआड हसल्या.

संध्याकाळी समचे वाळूचे डोंगर पाहायचे होते. येथे एक अडचण असते, जी आपल्या वाचकांना सांगायला नको. सगळे जग तेथे सूर्यास्त पाहायला जाते आणि चोविहार करणाऱ्याला त्याआधी जेवण उरकावे लागते. बहिणीने पाच वाजताच गाडीत डबे उघडले. खाखरे, मेथीची भाजी आणि देवगडहून नेलेली आंब्याची साठे. जेवण उरकून, पाणी पिऊन, तोंडे पुसून मंडळी वाळूवर चढली तेव्हा सूर्य हातभर वर होता. उंटावर बसायला दोन्ही जावांनी नकार दिला. थोरले अनवाणी चालत गेले. वाळू त्यांच्या ओळखीची, पण ती ओली. पावलाचा ठसा धरणारी आणि पुढच्या लाटेला पुसणारी. ही वाळू ठसा धरतही नव्हती. ते मागे वळले तेव्हा धाकटे आपल्या पावलांनी त्यांच्यामागून येत होते, आणि दोघांच्या मागे वाळू तशीच कोरी होती.

लोद्रव्याचे पार्श्वनाथ आणि गडीसर तलाव पाहून ते निघाले. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या शहराने शतकानुशतके त्या एका तलावावर तहान भागवली. तेथे कुणीच फार बोलले नाही.

गावच्या घरी दुपारी पोचले. माळवदाचा एक कोपरा बसला होता, दाराची चौकट उधईने खाल्ली होती. अंगणाच्या मधोमध टांके मात्र शाबूत होते: चुन्याने घोटलेले, जमिनीत उतरलेले गोल कुंड, भोवती उतार देऊन बांधलेले आगोर, वर लोखंडी झाकण. छपरावरचा आणि अंगणातला पावसाचा थेंब न् थेंब तेथे जावा, अशी ती जुनी बांधणी. आजोबांनी घराला कुलूप घातले, टांक्याला घातले नाही. शेजारची दोन घरे इतकी वर्षे त्यातूनच पाणी भरीत होती आणि दर ज्येष्ठात आगोर झाडून लख्ख करीत होती.

शेजारणीने कळशी काढून दिली. धाकट्यांच्या पत्नीने पिशवीतून गळणे काढले, दुहेरी करून पाणी गाळले, मग गाळलेल्याच पाण्याने ते उलटे धुतले आणि ती जिवाणी हलक्या हाताने, बादली पाण्यापर्यंत उतरवून, परत टांक्यात सोडली. हे ती करीत असताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बहीण जवळच होती.

“काय गं?”

“काही नाही, बाईसा. नऊ वर्षांनी जिवाणी जागच्या जागी गेली.”

“देवगडला कुठे सोडतेस?”

“नळाच्या नि टँकरच्या पाण्याला मूळ कुठलं? पहिल्या उन्हाळ्यात गडग्यावरून दोरीने लोटी सोडून पाहिली, विहिरीपर्यंत पोचेना. समुद्रात सोडू म्हटलं तर खारं पाणी, गोड्या पाण्यातले जीव त्यात कसे जगतील? मातीच्या परातीत ठेवते सावलीला. उन्हाळ्यात आटतं ते.” थोडे थांबून ती म्हणाली, “रोज आटतं.”

जेठांसमोर ती कधी बोलत नसे. थोरले आतल्या पडवीत मोडकी तुळई पाहत उभे आहेत, हे तिला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी तहसीलच्या गावी खरेदीखत झाले. मजकूर वाचून दाखवल्यावर थोरल्यांनी दस्तलेखकाला थांबवले आणि एक ओळ वाढवायला सांगितली: टांक्याचे पाणी दोन्ही शेजारघरांना पूर्ववत खुले राहील. घेणाऱ्याने हरकत घेतली नाही. बहिणीने चष्म्यावरून थोरल्यांकडे पाहिले. ते खाली मान घालून सही करीत होते.

शेवटचा मुक्काम अबूचा. देलवाड्याला मोबाइल बाहेर ठेवून आत जावे लागते, हे उत्तमच आहे. बाहेरून ही मंदिरे अगदी साधी. आत पाऊल टाकले की माणूस बोलायचा थांबतो. विमलशाहांनी १०३१ मध्ये आदिनाथांचे मंदिर उभारले. त्याशेजारची लूणवसही १२३० ची, नेमिनाथांची. गुजरातच्या वाघेल्यांचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल या बंधूंनी आपल्या दिवंगत भावाच्या, लूणिगाच्या, स्मरणार्थ ती बांधवली. रंगमंडपाच्या घुमटातून संगमरवराचे कमळ खाली लोंबते. त्याच्या पाकळ्यांतून उजेड आरपार जातो. धाकटे मान वर करून इतका वेळ उभे राहिले की थोरल्यांनी मागून त्यांच्या कोपराला आधार दिला. त्यांची मान जुन्या दुखण्याची आहे, हे घरात सर्वांना माहीत होते.

“लूणिग मोठा की धाकटा?” धाकट्यांनी विचारले.

“थोरला,” थोरले म्हणाले.

गूढमंडपाच्या दाराच्या दोन्ही अंगांना दोन कोरीव गोखले आहेत. लोक त्यांना देराणी-जेठाणीचे गोखले म्हणतात. दोघी जावांनी एकमेकींच्या ईर्ष्येने ते घडवून घेतले, अशी कथा सांगतात. इतिहास कदाचित वेगळे सांगेल. पण कथा ऐकून मोठी जाऊ धाकटीला म्हणाली, “यांतला कोणता जास्त चांगला?” धाकटीने दोन्हींकडे नीट पाहिले आणि म्हणाली, “भाभीसा, मला तर सारखेच दिसतात.” मग दोघी बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसल्या.

घाट उतरताना गाडीत थोरल्यांनी धाकट्यांना विचारले, “दिवाळीला साड्या उठल्या का यंदा?” धाकट्यांनी सविस्तर सांगितले. कोणता माल पडून राहिला, सुरतेच्या व्यापाऱ्याने किती दिवसांची मुदत दिली, लोक आता कणकवलीला जाऊन खरेदी करतात. अबू रोड येईपर्यंत हेच चालले होते. बहिणीला मध्येच झोप लागली.

देवगडला परतल्यावर दुकानांतली भिंत तशीच राहिली, दोन पाट्याही तशाच आहेत. वाटणी झालेली आहे आणि ती मोडायचे कारण कुणालाच दिसत नाही. घराच्या विक्रीचे पैसे तिघांत सरळ वाटले गेले.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी थोरल्यांनी गडी लावून परसातल्या गडग्याचे चिरे काढायला सांगितले. कळशी कडेवर घेतलेली बाई सरळ जाऊ शकेल एवढीच वाट केली. काढलेले चिरे विहिरीच्या काठाला पायरी म्हणून बसवले. त्या वर्षी विहिरीला पाणी जेमतेम होते; पंप उतरवून ठेवला आणि जुना रहाट तेल घालून पुन्हा चढवला.

सकाळी थोरले दुकानात तूरडाळ तोलत होते. मागे रहाट करकरला, मग बादली पाण्याला टेकल्याचा आवाज झाला, आणि मग बराच वेळ काही नाही. जिवाणी सोडायला तेवढा वेळ लागतो. त्यांनी काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, वर चिमूटभर डाळ जास्त घातली आणि पुडी बांधली.